खांबाची मान

एखादं गिऱ्हाईक जुनी गिटार घेऊन माझ्या दुकानात येतं आणि म्हणतं, "बाई, हिचं जरा हे तासून द्या, ते बदलून द्या," की माझं डोकंच फिरतं. "नवी घ्या की मग! हिला कशाला छळता?" असं मी तोंडावर सांगते. त्यामुळे काही लोक पुन्हा फिरकत नाहीत, आणि उरलेले माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात गिटार देत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणीतरी माझी बाजू घेऊन म्हणेल की बिचारीला माहीत नसेल. डोंबल! मला सगळं माहीत होतं.

माझ्या दादाकडे जी गिटार आहे तिला लोक 'खांब' म्हणतात. कारखान्याने तिचं नाव फार देखणं ठेवलं होतं, तिच्या डोक्यावरच्या पितळी पट्टीवर ते वळणदार अक्षरांत कोरलेलंही आहे, पण वाजवणाऱ्यांपैकी कुणी ते कधी उच्चारलं नाही. कारखाना मुळात रेडिओची लाकडी खोकी बनवणारा. पुढे प्लास्टिकचे रेडिओ आले आणि लाकडी खोक्यांना कुणी विचारेना. मालकाकडे गोदाम भरून चांगलं वाळलेलं लाकूड, हाताखाली कसलेले सुतार, आणि रेडिओच्या कॉइली गुंडाळणाऱ्या बायका. त्या काळी तरुण पोरं इलेक्ट्रिक गिटारीसाठी जीव टाकायची. मालकाने विचार केला, खोकं काय आणि गिटार काय, लाकूडकामच ना! त्याला गिटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस धाडसी.

म्हणून खांबाचे कोपरे असे गोल आहेत, हुबेहूब जुन्या रेडिओचे. आवाज कमीजास्त करायची बटणंही रेडिओचीच, शिल्लक राहिलेली, त्यांच्यावर आकडेसुद्धा तसेच. तारांखाली जो पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते ना, तो त्याच बायकांनी त्याच यंत्रावर गुंडाळला. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट, कुणी बोलता बोलता चार वेढे जास्त घालायची. त्यामुळे कुठल्याही दोन खांबांचा आवाज सारखा नाही.

आणि मग ती मान. बाकी सगळे कारखाने गिटारीच्या मानेच्या पोटात पोलादी सळई घालतात. तारांचा ताण थोडाथोडका नसतो, तो मानेला सतत पुढे ओढत असतो. सळई तो ताण सोसते, आणि मान वाकलीच तर किल्लीने सळई पिळून ती सरळ करता येते. या मालकाने सळईचं यंत्र घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा तिथला मुख्य सुतार म्हणाला, "मग मान जाड ठेवू. लाकूडच ताण सोसेल." लाकडाच्या दोन पट्ट्या, एकीच्या रेषा अशा आणि दुसरीच्या उलट्या, एकमेकींना चिकटवून त्याने जी मान बनवली ती मुठीत मावेना. वाजवणाऱ्यांनी खूप नावं ठेवली. पण त्याच जाडपणामुळे हिचा स्वर एकदा छेडला की सावकाश, लांबवर रेंगाळत विरतो. तो दुसऱ्या कुठल्या गिटारीत मिळत नाही. कारखाना काही वर्षांतच बंद पडला, आणि आता ज्यांनी नावं ठेवली तेच लोक खांब शोधत हिंडतात.

थोडक्यात, त्या मानेचा जाडपणा ही काही हौस नाही. तिच्या आत दुसरा कुणी ताण सोसणारा नाही, जे आहे ते लाकूडच. हे मी आजवर शेकडो लोकांना तोंड दुखेपर्यंत समजावलं आहे.

दादाने खांब घेतला तेव्हा मी शाळेत होते. तो बाहेर गेला की मी स्क्रू काढून आत डोकवायची. एकदा रंगेहाथ सापडले, तर रागवायचं सोडून म्हणाला, "उघडलीस ना? आता बंदही करून दाखव." मी दाखवली. तेव्हापासून मी त्याची 'मिस्त्रीण'. माझं खरं नाव त्याच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं असेल. पुढे तो बँडमध्ये वाजवायला लागला आणि आयुष्यभर तेच केलं. हॉटेलांत, लग्नांत, कुणाच्या वाढदिवसाला, जिथे बोलावतील तिथे. गिटार हीच. मी दुकान काढलं तेही या गिटारीमुळेच.

आणि गेल्या वर्षी त्याला झटका आला. डावी बाजू गेली. जीभ परत आली, पाय परत आला, काठी सुटली. डावा हात मात्र मागे राहिला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, गोड बोलून फसवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे दादाला, वहिनीला आणि मला, समोर बसवून सांगितलं, "जे परत यायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच येईल. गिटार वाजवता ना? मग रोज वाजवा. तेच औषध. थांबलात तर बोटं आखडतील, मग मला काही करता येणार नाही." बँडच्या लोकांनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात त्याची जागा राखून ठेवली होती. ड्रमवाला तर फोन करून दम द्यायचा, "आला नाहीस तर तुझी खुर्ची रिकामी ठेवून वाजवू, लाज वाटेल तुला."

दादा वाजवायला बसला की वहिनी स्वयंपाकघरातला नळ बंद करायची. मी दारात उभी राहायची. त्याचा अंगठा मानेच्या मागून वर येतच नसे. बोटं तारेपर्यंत पोचायची, पण दाबायला जोर नाही. तार नुसती खरखरायची. घाम पुसायचा, पुन्हा बसायचा. तोंडातून एक तक्रार नाही. एकदा मात्र माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय गं मिस्त्रीण, मी आजारी असताना खांब वाढला की काय?"

विनोदच होता तो. पण मला सहन झाला नाही. "आण इकडे, तारा बदलून देते," म्हटलं आणि गिटार दुकानात घेऊन आले.

दुकानाला कुलूप नव्हतं, भर दुपार होती, गिऱ्हाइकं येत-जात होती. त्यांना मी "आज वेळ नाही" म्हणून हाकललं. तारा उतरवल्या, गिटार पालथी घालून शिकंज्यात धरली आणि मानेच्या पाठीवर कानस चालवली. थोडीशीच. मनात हिशेब पक्का होता: तारा बारीक टाकायच्या, म्हणजे ताण कमी, म्हणजे बारीक झालेली मानही टिकेल. हात मानेवरून फिरवून बघितला. अजून जरा. डोळे मिटून, अंगठा दादासारखा अर्धवट लुळा धरून बघितला. अजून जरासं. रंग असा जुळवला की कुणाच्या बापाला कळू नये. हे काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर उभं करून शिव्या घातल्या असत्या.

दादाला विचारलं का नाही? तो नको म्हणाला असता म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याने गिटार मांडीवर घेतली. अंगठा मागून वर आला. बोटं दाबली गेली. तीन तारा स्वच्छ वाजल्या, चौथी जरा कुरकुरली, पण वाजली. त्याचा चेहरा मी कसा सांगू! "अगं, धरता येतंय! ए, बाहेर ये, ऐक, धरता येतंय मला!" वहिनी ओल्या हातांनी धावत आली. तेव्हा सांगायला हवं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी म्हणाले, "हाताला बळ येतंय दादा तुझ्या."

वहिनी पदर तोंडावर धरून रडली. मीही रडले, कशासाठी ते मलाच ठाऊक.

तो आठवडा म्हणजे घरात नुसती धमाल. सकाळी वाजवायचा, संध्याकाळी वाजवायचा, मध्येच डावा हात वर करून मूठ उघडझाप करून दाखवायचा. शर्टाची बटणं स्वतः लावायचा हट्ट धरला आणि खरंच दोन लावली. ड्रमवाल्याला फोन करून सांगितलं, "खुर्ची पुसून ठेव रे." मी रोज जायची आणि रोज स्वतःला समजवायची, बघ, हा खोटेपणाच त्याला बरं करतोय.

मग एक दिवस तो म्हणाला, "मिस्त्रीण, वरचे स्वर चढल्यासारखे वाटतात गं."

मी गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून पाहिलं. मधोमध मान वाकली होती. तारा लाकडापासून दूर गेल्या होत्या, त्या दाबायला आता जास्त खाली न्याव्या लागत, आणि तार ताणली गेली की स्वर चढणारच. बारीक तारांचा माझा सगळा हिशेब चुलीत गेला होता. मी काय केलं असेल? सूर लावायचं मशीन काढलं, मोकळ्या तारा, कुठेही न दाबता, एकेक छेडल्या. मोकळ्या तारेला वाकलेल्या मानेचं काही सोयरसुतक नसतं. मशीनवर हिरवा दिवा लागला. "हे बघ," मी म्हणाले, "मशीन तर बरोबर दाखवतंय."

दादा त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिला. "मग माझंच गेलं म्हणायचं," तो म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये त्याला कुणीतरी सांगितलं होतं की झटक्यानंतर काहींची सुरांची समजही जाते. तेव्हा तो म्हणाला होता, "हात गेला तरी मी ऐकत बसेन. कान जाऊ नये बुवा." हे मला माहीत होतं. तरी मी मूग गिळून बसले. कारण खरं सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार होतं. तुझा कान शाबूत आहे, आणि तुझ्या हाताला बळ आलेलंच नाही. एक द्यायचं तर दुसरं काढून घ्यायचं. आणि आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकते. लोक मला खांबाची जाणकार म्हणतात. ते नाव घालवायचं नव्हतं मला.

तेव्हा मी चोरून दुरुस्ती करायला लागले. "साफ करते," "बटण खरखरतंय, बघते," काहीतरी निमित्त काढून गिटार न्यायची, मान गरम करायची, शिकंज्यात उलटी वाकवून ठेवायची. परत आणली की दोनतीन दिवस स्वर ठीक. दादा खूश होऊन म्हणायचा, "आज कान बरा आहे." मग मान पुन्हा वाकायची आणि तो हळूच म्हणायचा, "आज नाही बुवा." स्वतःच्या कानाची तब्येत तो रोज सांगायला लागला होता, जणू घरातलं एखादं आजारी पोर. वहिनी त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणीत काही निघालं नाही. दादा म्हणाला, "त्यांचं यंत्र टीं वाजवतं आणि ऐकू आलं का विचारतं. ऐकू येतंच आहे. सुरात आहे का, हे कोण विचारतंय?"

वहिनी एकदा मला म्हणाली, "तुझ्या दुकानात इतक्या गिटारी आहेत, एक आणून दे ना. ताडून तरी बघतील." मी म्हटलं, "हो, आणते." नाही आणली. पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, "अगं विसरलेच." इतकी निर्लज्ज झाले होते मी.

मग त्याने वाजवणंच सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. खांब पेटीत ठेवला, पेटी पलंगाखाली सरकवली आणि ड्रमवाल्याला सांगितलं, "दुसरा बघा रे कुणीतरी." हाताचा व्यायामही बंद. "बेसूर वाजवायला हात कशाला हवा?" म्हणायचा. घरात कुणी रेडिओ लावला तर उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मी जायची, तेव्हा हवापाण्याच्या गप्पा मारायचा. मला गप्पा मारता यायच्या नाहीत.

वहिनी माझ्या दुकानात कधी पाऊल टाकत नाही, तिला वार्निशचा वास सोसत नाही. ती एका दुपारी आली. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आज डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. बोटं आखडत चाललीत म्हणाल्या. उघडायला गेलं की दुखतं त्यांना. तू समजाव ना. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात." मग नाक पुसून म्हणाली, "तू नुसतं म्हणालीस बळ येतंय, तर कसे उभारी धरून बसले होते."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी भिंतीवरची एक साधी गिटार काढली, दुकान बंद केलं आणि तिच्याबरोबर निघाले. वाटेत ती काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं.

दादा खिडकीपाशी बसला होता. मी दुकानातली गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. "मला नको," तो म्हणाला. "तू फक्त उजव्या हाताने छेड," मी म्हटलं, "तार मी दाबते." मी मानेवरच्या वरच्या एका फ्रेटवर, म्हणजे त्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी, तार दाबली, त्याने छेडली. कपाळावर आठ्या घालून ऐकलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. मी दुसरी दाबली. "हेही बरोबर." मग पलंगाखालून पेटी ओढली, खांब काढला, मोकळ्या तारा मशीनवर लावल्या आणि त्याच जागी तार दाबली. त्याने छेडली आणि ताबडतोब म्हणाला, "चढलाय."

"चढलाच आहे," मी म्हटलं. "मान वाकली आहे दादा हिची. तुझ्या कानाला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं."

तो असा ओरडला की शेजारच्यांनी दार उघडलं असेल. "अगं ए, ऐकलंस का? कान शाबूत आहे माझा! मी सांगत नव्हतो चढतोय म्हणून? फोन दे, फोन दे इकडे!" ड्रमवाल्याला त्याने तीच गोष्ट दोनदा सांगितली. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. फोन ठेवून खांबावर थाप मारली आणि म्हणाला, "तरीच! म्हातारी झाली बिचारी, तिलाही झटका आला म्हण की! अगं, तू का तोंड पाडून बसलीस? गिटार गेली तर जाऊ दे. कान आहे ना!"

माझा जीव भांड्यात पडला. त्याने स्वतःच कारण शोधलं होतं, म्हातारपण. मी नुसती मान डोलावली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला तेवढ्याने पुरेना. इतके दिवस छातीवर घेऊन हिंडत होते, ते सगळं एकदाचं ओकून मोकळं व्हायचं होतं मला.

"म्हातारपणामुळे नाही दादा," मी म्हणाले. "मी तासली. तुझा अंगठा पोचत नव्हता म्हणून मागून कानस मारली. त्या दिवशी तुला धरता आलं ते म्हणूनच. हाताला बळबिळ काही आलं नव्हतं. मी खोटं बोलले. आणि मान वाकली तेव्हाही कळलं होतं मला, तरी बोलले नाही."

वहिनी म्हणाली, "मशीन बरोबर दाखवतंय म्हणालीस तू." एवढंच म्हणाली. तिची नजर मला सोसवेना.

दादाने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर घेतला. बोटं आत वळली होती. तो ती एकेक करून सरळ करायला लागला, आणि प्रत्येक बोट सोडलं की हळूहळू पुन्हा मिटत होतं. मी त्याच्या पायाशी खाली बसले. "शिव्या घाल रे मला," मी म्हटलं, "मार हवं तर, पण असा गप्प बसू नकोस."

"तू वाईट काही केलं नाहीस गं," तो म्हणाला. मला लहान पोरीसारखं थोपटलं, आणि ते मारण्यापेक्षा वाईट होतं. मग खिडकीबाहेर बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "कानाचं सांगितलंस ते फार बरं केलंस. पण या अख्ख्या आजारपणात मला एकच चांगला आठवडा मिळाला होता. तेवढा माझ्यापाशी राहू द्यायचा होतास."